मुक्तीचा दाखला मिळाला, पुढे काय?



१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि बिदर-गुलबर्गा मुक्त झाले. दरवर्षी आपण अभिमानाने झेंडावंदन करतो. परंतु उचल देऊन किंवा नोकरीचे आमिष दाखवून परमुलखात नेलेल्या, तिथे राबवल्या वा विकल्या गेलेल्या लेकीबाळींच्या मुक्तीचे काय?

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत देहविक्रय वा मानवी व्यापारातून सोडवलेल्या वेठबिगार स्त्रीस ३ लाख रुपये मंजूर आहेत. पण पूर्ण रक्कम मिळते आरोपीला शिक्षा झाल्यावर. तोवर हाती येते ती तातडीची मदत, फार तर ३० हजार. खटला वर्षानुवर्षे चालतो. तेवढ्यात तिने राहायचे कुठे, खायचे काय, तारखेला जायचे कोणाच्या सोबतीने? आधार नसला की तोच दलाल पुन्हा दारात उभा राहतो.

आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे. कागदपत्रे नाहीत म्हणून खाते नाही, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. फोटो आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा, एवढ्यावर ‘छोटे खाते’ उघडता येते. ते १२ महिने चालते. त्या मुदतीत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला, तर आणखी १२ महिने मिळतात. शिल्लक ५० हजारांपर्यंतच ठेवता येते, पण सरकारी मदतीला ती मर्यादा आड येत नाही. मात्र पासबुक तिच्याच हाती राहिले पाहिजे.

कलम ३७१ (जे) मुळे कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाकडे आपल्या जिल्ह्यांसाठी स्वतंत्र निधी येतो. त्यातून रस्ते, इमारती जरूर व्हाव्यात. पण निवारा, समुपदेशन, वकील आणि प्रवासखर्च यांसाठीही बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांना दरवर्षी ठरावीक तरतूद हवी. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण हे विचारू या.

आणि आपली जबाबदारी? अशी मुलगी गावी परतली तर तिची चौकशी नको, तिला सोबत हवी. बँकेत, तहसीलमध्ये, कोर्टात तिच्याबरोबर जाणारे एक घर प्रत्येक गावात निघाले, तरच ही मुक्ती खरी.