‘फरक पडला’ म्हणण्याची जबाबदारी



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल मी आपला ऋणी आहे. नव्या यंत्रांविषयी आणि नव्या थेरपींविषयी वाक्-श्रवण क्षेत्राच्या या अधिवेशनात पुष्कळ ऐकायला मिळेल. मी मात्र बहुतेकांना परीक्षेपुरत्याच हव्या असलेल्या विषयावर बोलणार आहे: संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र. आईवडील समोर बसून विचारतात, “फरक पडतोय ना?” या विषयाशिवाय त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

श्रवणयंत्र लावलेल्या रुग्णाला आपण 25 शब्दांची यादी ऐकवतो. पहिल्या खेपेला 12 शब्द बरोबर येतात, तीन महिन्यांनी 16. म्हणजे 48 टक्क्यांवरून 64 टक्के. घरचे आनंदतात, आपण प्रगतीची नोंद करतो. पण थॉर्नटन आणि रॅफिन या संशोधकांनी 1978 सालीच दाखवून दिलं की हे गुण द्विपदी वितरणाच्या नियमानं वरखाली होतात. गुण निम्म्याच्या आसपास असतील आणि 95 टक्के खात्रीचा निकष लावला, तर 25 शब्दांच्या दोन चाचण्यांत सुमारे 28 टक्क्यांपर्यंतची तफावत निव्वळ योगायोगानं येऊ शकते. यादी 100 शब्दांची केली, तर ही मर्यादा 14 टक्क्यांवर येते. तीच 16 टक्क्यांची वाढ छोट्या यादीवर काहीच सिद्ध करत नाही, मोठ्या यादीवर मात्र दखल घ्यावी लागते. ओपीडीत गर्दी आहे म्हणून यादी अर्धी करताना आपण हे लक्षात ठेवतो का?

नवजात बाळांच्या तपासणीचं गणितही असंच आहे. समजा, हजार बाळांत दोघांना खरोखर श्रवणदोष आहे. चाचणी त्या दोघांनाही हेरते आणि ऐकू येणाऱ्या बाळांपैकी फक्त चार टक्क्यांना चुकून ‘रेफर’, म्हणजे पुढच्या तपासणीला पाठवण्याजोगं, ठरवते. चाचणी उत्तमच म्हणायची. तरीही ‘रेफर’ आलेली बाळं सुमारे 42, आणि त्यांत खरा दोष असलेली दोन. हे गणित ज्या तपासनिसाला उमगलं आहे, तो बाळंतिणीला घाबरवत नाही. आणि “काही नसेल हो” म्हणून पुढची तपासणी टाळूही देत नाही. कारण निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपचार सहा महिन्यांच्या आत व्हायला हवेत.

संशोधनाच्या आखणीतही अशाच चुका होतात. बालवाडीच्या वयात अडखळत बोलू लागलेली बरीच मुलं उपचारांविनाही सावरतात. तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासात मग कोणतीही थेरपी गुणकारीच दिसणार. तीस रुग्णांचे साठ कान तपासून नमुना साठचा आहे, असं लिहिलेले प्रबंधही आपण पाहतो. एकाच माणसाच्या दोन कानांचं वय एक, आजार एक, कारखान्यातला गोंगाटही एकच. त्यांना स्वतंत्र नमुने कसं मानायचं?

मोजणीकडे असं सावधपणानं पाहण्याचा विचार आपल्या मातीला परका नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे नमुना-सर्वेक्षणाच्या शास्त्रात जगभर मान्यता पावले. एकाच माणसाची पोषणाची गरज आणि आहार दिवसागणिक बदलतो, तेव्हा एका दिवसाच्या मोजणीवरून त्याला कुपोषित ठरवू नये, हे त्यांनी आग्रहानं मांडलं. एका दिवशी काढलेल्या ऑडिओग्रॅमकडेही आपण त्याच सावधपणानं पाहायला हवं.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. संख्याशास्त्र आपल्याच ओपीडीतल्या नोंदींवर शिकवावं. सॉफ्टवेअरची बटणं नंतर. संख्याशास्त्रज्ञाकडे माहिती गोळा करण्याआधी जावं, कारण चुकलेली आखणी नंतर कोणत्याही सूत्रानं दुरुस्त होत नाही. लहान गावातल्या एकट्या थेरपिस्टनंही उपचारांपूर्वी तीन-चार वेळा मोजणी करून ठेवावी. एका मुलाचा काटेकोर अभ्यास हेसुद्धा संशोधनच असतं. शहरी मराठी मुलांवर बेतलेले निकष अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलांना डोळे झाकून लावू नयेत; त्यांचे नमुने घ्यावेत. आणि जी थेरपी उपयोगी ठरली नाही, तिचा निबंधही याच व्यासपीठावर सन्मानानं वाचला जावा.

आकड्यांमुळे रुग्णाविषयीची माया आटते, असं काहींना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. दर आठवड्याला एसटीचा प्रवास करून, मजुरी बुडवून जी माउली मुलाला थेरपीला आणते, तिचा एकही महिना निरुपयोगी उपचारांत जाऊ नये, ही काळजीच आपल्याला नीट मोजायला लावते. आज आणि उद्या इथे निबंध वाचणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारणार आहे: उपचार दिले नसते, तर हे गुण किती बदलले असते? त्या उत्तराची तयारी पहिला रुग्ण तपासण्याआधीच करा, एवढीच माझी विनंती आहे.