निरंक



परराष्ट्र खात्यातला निवृत्त माणूस माइकसमोर आला की लोकांना वाटतं, आता हा मेजवान्या आणि शिखर परिषदांचे किस्से सांगणार. मला कागदाबद्दल बोलायचं आहे. वकिलातीतला माणूस दिवसभर कुठेही फिरला, कुणालाही भेटला, तरी संध्याकाळी त्याला राजधानीला एक कागद पाठवावा लागतो. आमच्या बोलण्यात तो अजून 'तार'च आहे.

बोरिस बोंदारेव हे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांकडे रशियाचं जे कायमस्वरूपी कार्यालय आहे, तिथले हे अधिकारी. नोकरी वीस वर्षांची, विषय निःशस्त्रीकरण. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये घुसल्या आणि २३ मे रोजी या गृहस्थांनी जाहीर पत्र लिहून राजीनामा दिला. जगभर बातमी झाली ती राजीनाम्याची. नंतर त्यांनी 'फॉरेन अफेअर्स' या अमेरिकी नियतकालिकात लेख लिहिला. त्यातलं कार्यालयाचं वर्णन वाचताना मात्र मला घाम फुटला. पाश्चात्त्यांना आपण कसं ठणकावलं, ते कसे निरुत्तर झाले, अशा तारा मॉस्कोला आवडायच्या, म्हणून तशाच जायच्या. तशा लिहिणाऱ्याची बढती व्हायची. वर बसलेल्यांना शेवटी आपलाच आवाज उलट ऐकू येत राहिला. कीव्ह काही दिवसांत पडेल, या हिशेबानं फौजा निघाल्या, त्यात अशा कागदांचाही हात होता. बोंदारेव यांचं कौतुक जरूर करा. पण वीस वर्षं तेही त्याच यंत्रणेत होते, हे विसरू नका.

घाम का फुटला, तेही सांगतो. एका राजधानीत मी कनिष्ठ अधिकारी असताना तारेच्या मसुद्यात लिहिलं होतं, 'येथील परिस्थिती हाताबाहेर चालली आहे.' वरिष्ठांनी पेन्सिलीनं ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत.' म्हणाले, "अरे, दिल्लीला उगाच कशाला काळजी?" मी स्वच्छ प्रत काढली. सहीही माझीच होती.

हा रोग एकट्या रशियाचा आहे, असं समजू नका. १९६२ ला चीन मोठा हल्ला करणार नाही, असं दिल्लीत ठामपणे मानलं जात होतं. २० ऑक्टोबरला हल्ला झाला. महिन्याभरात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी मुंबईहून यशवंतराव चव्हाण दिल्लीत आले. सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचलातल्या, पराभवाच्या चौकशीवर लोकसभेत निवेदन केलं. चौकशीचा अहवाल सरकारनं आजतागायत पूर्ण खुला केलेला नाही. पण निवेदनात चव्हाणांनी एवढं कबूल केलं की गुप्त माहिती मिळवण्याचं काम संथ होतं आणि ती कळवण्याची पद्धत मोघम. मोघम! सरकारी नोकरीत गेलात तर हा शब्द तुम्हाला रोज भेटेल.

त्या मोघमपणाची किंमत आपल्या जिल्ह्यातही दिसते. भद्रावतीचा दारूगोळा कारखाना, आपली चांदा ऑर्डनन्स फॅक्टरी, हे साठच्या दशकात त्या युद्धानंतर देशानं जी घाईघाईनं तयारी केली, तिचंच अपत्य. तुमच्यातल्या काहींच्या घरची चूल त्यावर पेटते. हिमालयातल्या चुकीचा पत्ता असा कुठे कुठे निघतो.

हा रोग जंगलातही पोचला होता. सरिस्काचं व्याघ्र अभयारण्य आठवा. ठसे मोजून कागदावर वाघ दाखवले जात होते. २००५ मध्ये कळलं, जंगलात एकही उरलेला नाही. ठशांच्या साच्याऐवजी कॅमेरा आला तो त्यानंतर.

माझे वडील वनरक्षक होते. ताडोबाच्या बाजूच्या जंगलात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून प्राणी मोजायचे. कॉलेजात असताना एकदा मीही सोबत बसलो होतो. खाली टिपूर चांदणं, बॅटरी लावायची नाही, विडी ओढायची नाही, खोकलाही दाबायचा. सोबतीला एक छापील तक्ता: वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लं. काही आलं नाही तर त्या रकान्यात 'निरंक' लिहायचं. रात्रभर सांबर आले, एक अस्वल आलं, रानडुकरांचा कळप आला. उत्तररात्री आम्हा दोघांचाही डोळा लागला.

सकाळी बाबांनी तक्ता भरला आणि एका ओळीत लिहिलं, '२.१० ते ३.४०, झोप लागली.'

साहेबांनी तक्ता पाहिला आणि कपाळाला हात लावला. "असं कोणी लिहितं का? निरंक लिहायचं ना!"

बाबा टोपी हातात धरून उभे होते. म्हणाले, "साहेब, त्या दीड घंट्यात काय आलं, काय गेलं, मले ठाऊक नाही. त मी निरंक कसा लिहू?"