घरच्या काचपेटीतील प्रवाळ

१९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा समुद्र त्याच्या अगदी समोर होता. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील एखाद्या इमारतीत, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या दोनशे लिटरच्या काचपेटीला तो आधार नाही. ठाण्याची खाडी जवळ आहे खरी; पण पावसाळ्यात तिच्या पाण्याचा खारेपणा एकदम उतरतो आणि एरवीही शहराचे सांडपाणी तिच्यात मिसळलेले असते. त्यामुळे प्रवाळ बाळगणाऱ्या हौशी माणसाला आपला समुद्र नळाचे पाणी शुद्ध करून आणि त्यात तयार सागरी मीठ मिसळून घरीच सिद्ध करावा लागतो. अशा काचपेटीत एखाद्या सकाळी दिसते की, काल रंगीत असलेल्या प्रवाळाच्या ऊती बुंध्याकडून सुटू लागल्या आहेत आणि आतला पांढरा सांगाडा उघडा पडला आहे.

‘हा गेला तर दुसरा आणू’ असे म्हणण्याची सोय येथे नाही. शैलभित्ती उभारणारे सर्व दगडी प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ते तोडणे वा विकणे हा गुन्हा आहे. परदेशी प्रवाळांच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. तेव्हा प्रवाळ कायदेशीर मार्गाने आला आहे की नाही, याची शहानिशा खरेदीपूर्वीच वन विभागाकडे करावी. महाराष्ट्रात प्रवाळांचे माहेर म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा मालवणचा समुद्र. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. तरीही तेथील प्रवाळांचे विरंजन झाल्याचे संशोधकांनी नोंदविले आहे. २०२० साली सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी हाजी अली व वरळी येथील प्रवाळ हलवावे लागले, त्यासाठीही रीतसर परवानगी घ्यावी लागली होती.

पांढरेपणा दिसताच प्रथम भिंग हाती घ्यावे. पाणी फार तापले म्हणजे प्रवाळाच्या ऊतींमध्ये वस्ती करणारी सूक्ष्म शैवाले निघून जातात. ऊती पारदर्शक, पण शाबूत राहतात. हे विरंजन होय. पाणी वेळीच निवले तर असा प्रवाळ पुन्हा रंग धरू शकतो. ऊतिनाशात मात्र ऊतीच झडतात आणि उरते ते कोरडे चुनखडीचे हाड. तो वेगाने पसरला तर एका दिवसात अख्खी वसाहत संपते. दोहोंवर एकच उपाय करू पाहणारे बहुधा दोन्हीकडून हरतात.

त्यानंतर तापमान व लवणता पाहावी. पाणी साधारण २५–२६ अंशांवर असावे. ३० अंशांपलीकडे धोका सुरू होतो. टेंभी नाक्यावरचा नवरात्रोत्सव ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात येतो. अशा दिवसांत वीज गेली की पाणी तापते आणि प्रवाहही थांबतो. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असणे अगत्याचे आहे. पृष्ठभागावर पंखा सोडल्यास पाणी दोन-तीन अंश निवते, पण त्याची वाफही वेगाने होते. वाफ गेली तरी मीठ मागेच राहते. म्हणून भर घालावयाची ती शुद्ध गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. स्वयंपाकघरातील आर.ओ. यंत्राचे पाणी यासाठी पुरेसे शुद्ध नसते, कारण पिण्यास रुचकर व्हावे म्हणून अनेक यंत्रांत क्षार परत मिसळले जातात. लवणता दर हजारी ३५ हवी. ती मोजणारे उपकरण त्याच लवणतेच्या प्रमाणित द्रावणाने तपासून घ्यावे. उपकरणच खोटे बोलत असेल, तर पुढची सारी मेहनत वाया जाते.

आता अल्कता. पाण्याची आम्ल पचविण्याची शक्ती म्हणजे अल्कता. तिच्यातूनच प्रवाळ आपला सांगाडा घडवितो. नैसर्गिक समुद्रजलात ती सुमारे ७ डीकेएच असते, घरच्या पेटीत ८ ते ९ ठेवतात. आकड्यापेक्षा त्याची स्थिरता मोलाची आहे. खाण्याच्या सोड्याने ती वाढविता येते (सोडाच, बेकिंग पावडर नव्हे): दोनशे लिटर पाण्यात सहा ग्रॅम सोड्याने ती सुमारे १ डीकेएच चढते. म्हणजे चमचाभर अधिक पडला तरी घोटाळा. दिवसाकाठी १ डीकेएचहून अधिक फरक करू नये. अर्धाच केल्यास उत्तम. नायट्रेट व फॉस्फेट जवळजवळ शून्यावर आणून अल्कता उंच ठेवली, तर फांद्यांची टोके जळाल्यासारखी पांढरी पडतात. स्वच्छतेचा अतिरेक येथे अंगलट येतो. कॅल्शियमचे द्रावण आणि सोडा एकाच वेळी ओतल्यास दोहोंचा चुना होऊन तळाशी बसतो. खिडक्या बंद असलेल्या खोलीत रात्री पीएच उतरला, तर सोडा टाकण्याऐवजी खिडकी उघडावी. माणसांच्या श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडच बहुधा त्यास कारण असतो.

सगळे आकडे ठीक येऊनही ऊती झडतच राहतात, असेही घडते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर २०१४ साली दिसलेल्या दगडी प्रवाळांच्या ऊतिनाश रोगाचे कारण पुष्कळ संशोधनानंतरही निर्विवाद ठरलेले नाही. तेव्हा घरी प्रतिजैविके टाकून प्रयोग करू नयेत. पाणी शुद्ध ठेवणारे उपयुक्त जीवाणू त्यात मरण्याचा संभव असतो. प्रवाळ बाहेर काढून त्यावर चपटे कृमी वा त्यांची अंडी आहेत का, ते पाहावे. ऊतिनाश थांबत नसेल, तर निरोगी फांदी पांढऱ्या रेषेपासून थोडे अंतर राखून छाटावी, सौम्य आयोडीन द्रावणात अल्पकाळ बुडवावी आणि प्रवाह चांगला असलेल्या जागी दुसऱ्या दगडावर चिकटवावी. जुन्या सांगाड्यावर काही दिवसांत हिरवे शेवाळ चढते. छाटलेल्या तुकड्याची कड मात्र दररोज पाहावी: ती दगडावर पुढे सरकू लागली, म्हणजे ऊती पुन्हा धरू लागल्या.