जुने घर आणि नवा धंदा



पिंप्राळ्यातले आमचे जुने घर धाब्याचे होते. सागाच्या कड्या आणि वर मातीचा जाड थर. ते गळू लागले तेव्हा नीट दुरुस्त करणारा गवंडी मिळेना. शेवटी अब्बांनी धाबे उतरवून पत्रे टाकले. पुढच्या मे महिन्यात दुपारी घरात पुस्तक घेऊन बसणे अशक्य झाले. उणीव पैशाची नव्हती, जाणत्या कारागिराची होती.

विद्यार्थी मित्रहो, ही उणीव म्हणजेच तुमच्यासाठी धंदा आहे.

सिमेंटच्या उत्पादनातून जगातील सुमारे 7 ते 8 टक्के कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून जे घर उभे आहे ते दुरुस्त करणे, हीच पहिली बचत. माती-चुन्यात रचलेल्या विटा सुट्या होतात, साफ करून पुन्हा लावता येतात. सागाच्या कड्या व चौकटी यांनाही गिऱ्हाईक आहे. नवी भिंत घालायचीच असेल, तर भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रातून निघणाऱ्या राखेसारख्या राखेच्या विटा करता येतात. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत.

आता छताचे पाहा. मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे 1,300 मृत्यू अधिक झाले. त्या शहराने 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि 2017 पासून गरीब वस्त्यांची छते पांढरी करण्याचे काम हाती घेतले. स्लॅबवर चुना, पत्र्यावर पांढरा उष्णतारोधक रंग, एवढ्यानेही ऊन परतवले जाते. हे काम चार तरुण मिळून थोड्या भांडवलात सुरू करू शकतात.

पालकांनो, "शिकून मुलगा गवंडीकाम करणार का?" असे तुम्ही विचाराल. मी म्हणतो, शिकलेल्यानेच करावे. मोजमाप, अंदाजपत्रक आणि चोख हिशेब ज्याला येतो, तो मजूर राहत नाही, चार जणांना काम देतो. मात्र राखेची वीट कच्ची देऊ नये, रंगात पाणी घालू नये. या धंद्याचे खरे भांडवल विश्वास हेच आहे.

घर पाडण्यापूर्वी एकदा जाणत्या माणसाला दाखवा. आणि तो जाणता माणूस आपल्याच शाळेतून निघावा, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.