वसंतातील कीटकसृष्टी : छायाचित्र, ओळख आणि गावाची नोंदवही

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढील व्याख्यानाचा मजकूर)



फाल्गुन सरत येतो तेव्हा पळस, पांगारा आणि काटेसावर फुलांनी भरून जातात. पिंपळाला आणि कुसुंबाला तांबूस पालवी फुटते. आंब्याच्या मोहोरावर माश्या व लहान मधमाश्या घोंगावू लागतात. ओढ्याचे पाणी आटून राहिलेल्या ओल्या मातीवर फुलपाखरांचे थवे क्षार शोषण्यासाठी बसतात. पावसाळ्यानंतर कीटकांची जी रेलचेल असते, ती या दिवसांत नसते हे खरे. तथापि गवत वाळलेले, झाडी विरळ आणि पाणवठे मोजके असल्यामुळे लहान जीव शोधणे व त्यांचे निरीक्षण करणे या ऋतूत सोपे जाते. ज्या गावाला आपल्या परिसराची नोंद करावयाची आहे, त्याने आरंभासाठी चैत्राचा महिना निवडावा, हे म्हणूनच सयुक्तिक ठरते.

नोंदवहीचे मोल

जैविक विविधता अधिनियम २००२ साली संमत झाला. त्याच्या ४१ व्या कलमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते, आणि २००४ च्या नियमांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे मुख्य कार्य ठरविले. महाराष्ट्रात या कामाला मार्गदर्शन करणारे राज्य जैवविविधता मंडळ २०१२ पासून नागपूर येथे कार्यरत आहे. नोंदवहीची मूळ कल्पना ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायदा होण्यापूर्वीच, १९९० च्या दशकात, पुढे आणली होती. गावकऱ्यांना आपल्या परिसराविषयी जे ज्ञान असते ते त्यांच्याच सहभागाने लिहून ठेवावे, हा तिचा गाभा होता.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सर्व नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. मुदतीमुळे कामाला गती आली, हे मान्य करावयास हवे. परंतु मुदतीच्या दडपणाखाली कार्यालयात बसून भरलेल्या नोंदवहीत "फुलपाखरे – अनेक", "कोळी – आहेत", "किडे – विविध" अशा नोंदी शिरल्या, तर त्या वहीचा गावाला उपयोग काय? दगडखाण, रस्ता किंवा प्रकल्प यांचा प्रश्न उद्या उपस्थित झाला आणि माळावर कोणते जीव होते याचा पुरावा मागितला गेला, तर "अनेक" हा शब्द पुरावा म्हणून उभा राहत नाही. दिनांक, ठिकाण आणि स्पष्ट छायाचित्र असलेली एकच नोंद अशा शंभर शब्दांपेक्षा वजनदार ठरते.

चुकीच्या ओळखीची किंमत

कीटकांची ओळख हा केवळ हौसेचा विषय नाही. अमेरिकेतून जगभर पसरलेली लष्करी अळी २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यावर येऊन पोहोचली. येथील शेतकऱ्याला लष्करी अळी हे नाव नवे नव्हते. ज्वारीवर पडणारी देशी लष्करी अळी त्याच्या परिचयाची होती. नाव एक आणि कीड दुसरी, असा हा घोटाळा होता. या नव्या अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट खूण असते आणि शेपटीकडील शेवटून दुसऱ्या भागावर चार ठळक काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. पोंग्यातून अळी बाहेर काढून डोके आणि शेपूट यांची दोन छायाचित्रे घेतली, तर कृषी सहायकाला दुरूनही ओळख सांगता येते.

याउलट चूकही घडते. ढालकिड्याची अळी काळपट, नारिंगी ठिपक्यांची आणि इवल्याशा सुसरीसारखी दिसते. ती दिवसभर मावा खाते. पण तिच्या रूपाला भिऊन शेतकरी तिच्यावरच औषध मारतो. पिठ्या ढेकूण फस्त करणाऱ्या एका ढालकिड्याची अळी तर पांढऱ्या मेणचट तंतूंमुळे थेट पिठ्या ढेकणासारखी दिसते. आणि सारेच ढालकिडे मित्र असतात असेही नाही. वांग्याच्या पानांची चाळण करणारा, मळकट रंगाचा, अंगावर बारीक लव असलेला ढालकिडा पिकाचा शत्रू आहे. क्रायसोपाची अंडी पानावर केसासारख्या बारीक देठांच्या टोकाला उभी असतात. ती बुरशी समजून पुसली जातात. शत्रू आणि मित्र यांतील हा भेद ओळखला, तर अनावश्यक फवारणी टळते, पैसा वाचतो आणि फवारणाऱ्याच्या जिवाचा धोकाही कमी होतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, याचा विसर पडता कामा नये.

छायाचित्र कसे घ्यावे

या कामासाठी महागडा कॅमेरा आवश्यक नाही. शिक्षकाच्या किंवा ग्रामसेवकाच्या खिशातील मोबाइल आणि त्यावर चिमट्याने बसविण्याचे लहान भिंग एवढी सामग्री पुरेशी आहे. सकाळचे ऊन चढण्यापूर्वीची वेळ सर्वांत चांगली. कीटकाचे शरीर बाहेरील उष्णतेवर तापत असल्यामुळे थंड प्रहरी तो मंद असतो आणि फुलपाखरे पंख पसरून ऊन खात बसतात. जवळ जाताना छायाचित्रकाराची सावली कीटकावर पडू देऊ नये. ती पडताच तो उडतो. वाऱ्याने फांदी हलत असल्यास डाव्या हाताने देठ अलगद धरावा. भिंगातून पाहताना फारच थोडा भाग स्पष्ट दिसतो, म्हणून मोबाइल कीटकाच्या अंगाला समांतर धरावा. प्रकाश कमी पडल्यास बाजूला पांढरा कागद धरून उजेड परतवावा.

एकाच कीटकाची किमान चार छायाचित्रे घ्यावीत : वरून, बाजूने, समोरून, आणि तो ज्या वनस्पतीवर बसला आहे तिचे. फुलपाखराच्या पंखांच्या दोन्ही बाजू टिपणे अगत्याचे असते, कारण अनेक जातींत ओळखीची खूण पंखाच्या खालच्या बाजूस असते. आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे. दिनांक, वेळ, शिवाराचे नाव, झाडाचे नाव आणि पाहणाऱ्याचे नाव ही पाच माहिती त्याच दिवशी वहीत उतरवावी. स्मरणशक्तीवर विसंबलेली नोंद आठवड्याभरात पुसट होते.

ओळखीची पायरी

ओळख पायरीपायरीने करावी. प्रथम पाय मोजावेत. सहा पाय म्हणजे कीटक, आठ पाय म्हणजे कोळी किंवा त्याचा जातभाई. मुंग्यांच्या रांगेजवळ फिरणारी एखादी "मुंगी" पुढचे दोन पाय मिशांसारखे उंच धरून चालते. छायाचित्रात पाय मोजले की तो मुंगीचे सोंग घेतलेला कोळी निघतो. मग पंख पाहावेत. मधमाशीला चार पंख असतात. तिच्यासारखे पिवळेकाळे पट्टे मिरवणाऱ्या फुलमाशीला दोनच असतात, डोळे मोठे आणि मिशा अगदी आखूड असतात. ती डंख करीत नाही. त्यानंतर गट, त्यानंतर जात. जेथे पुरावा संपतो तेथे थांबावे. "ढालकिडा, जात अनिश्चित" ही नोंद प्रामाणिक आहे. अंदाजाने लिहिलेले लॅटिन नाव हे अज्ञान झाकणारे पांघरूण होय. संगणकीय साधने नाव सुचवितात, पण आपल्याकडील लहान कीटकांच्या बाबतीत ती वारंवार चुकतात. त्यांची सूचना हा प्रश्नाचा आरंभ समजावा. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलसारख्या ठिकाणी छायाचित्र ठेवल्यास जाणकारांकडून ते तपासून घेता येते.

शाळेच्या आवारातील लिंबाचे झाड ही या अभ्यासाची उत्तम प्रयोगशाळा आहे. त्यावरील फुलपाखराची कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि त्यामुळेच भक्षकांच्या नजरेतून सुटते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेल्या नीलवंताच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढतात. असा निर्णय घेणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय.

माळावरचा सरडा

लहान जिवांकडे बारकाईने पाहिले तर काय हाती लागते, याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर आहे. पावसापूर्वीच्या महिन्यांत तेथील नर सरडा दगडावर चढून गळ्याखालील पंख्यासारखी त्वचा फुलवितो. तिच्यावर निळा, काळा आणि नारिंगी असे रंग असतात. गुराख्यांनी तो पिढ्यानपिढ्या पाहिलेला होता. शास्त्राने मात्र दीर्घकाळ अशा सरड्यांची गणना एकाच जुन्या जातीत केली होती. २०१६ साली त्यांच्यासाठी नवी प्रजाती निर्माण झाली आणि तिला "सरडा" हेच मराठी नाव लॅटिन रूपात देण्यात आले. पुढे २०१८ साली याच पठारावरील अभ्यासातून असे दिसून आले की, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे एकचतुर्थांश उरले आहेत. त्यामुळे तेथे सरड्यांची संख्या वाढली आहे, परंतु ते कृश झाले असून त्यांच्या गळ्याचे रंग फिके पडले आहेत. वरवर ओसाड वाटणाऱ्या माळावर एका बदलाचे पडसाद किती दूर उमटतात, हे एका सरड्याच्या गळ्याने सांगितले.

मर्यादा आणि जबाबदारी

छायाचित्रासाठी कोणताही जीव पकडू नये, घरटे उघडू नये, दगड उलटल्यास तो पूर्ववत ठेवावा. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने काही फुलपाखरांनाही संरक्षण दिले आहे. अभयारण्यात वनविभागाची परवानगी घ्यावी. दुर्मीळ जिवाचे नेमके ठिकाण जाहीर करू नये, कारण माहितीच्या मागोमाग तस्करही येतात. आग्या मोहोळाजवळ मुलांना नेऊ नये. सापाच्या बाबतीत तर कोणताही मोह नको. बिनविषारी कवड्याला मण्यार समजून मारले जाते, आणि मण्यारीला कवड्या समजून हात लावल्यास माणूस दगावतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक व शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे नेमके उलट. परंतु ही खूण सुरक्षित अंतरावरून घेतलेल्या छायाचित्रात पाहण्याची आहे, जवळ जाऊन तपासण्याची नव्हे.

प्रत्येक समितीने या वसंतात एक ओढा, एक माळ आणि एक शेत निवडावे. शिक्षकाने दहा मुले घ्यावीत, पंचायतीने जुन्या जाणत्या गुराख्याला सोबत बोलवावे आणि आठवड्यातून एक सकाळ द्यावी. मुलगा छायाचित्र घेईल, गुराखी त्या जिवाचे गावातले नाव सांगेल आणि शिक्षक ते दोन्ही वहीत लिहील. पुढच्या चैत्रात तीच जागा पुन्हा पाहावी. जे दिसले ते लिहावे, आणि जे दिसेनासे झाले तेही लिहावे. वही खरी असेल तर गावाच्या बाजूने बोलण्याचे काम उद्या तीच करील.