हरवलेली नोट आणि हरवलेले तिकीट



अर्थशास्त्राचे रूढ विवेचन ज्या मनुष्याला गृहीत धरते, तो पक्का हिशेबी असतो. गेलेला पैसा कोणत्या वाटेने गेला याचा तो विचार करीत नाही. यापुढे काय मिळणार व त्यासाठी किती मोजावे लागणार, एवढेच पाहतो. प्रत्यक्षातला माणूस असा आहे काय? आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी साध्या प्रश्नावलीच्या साहाय्याने याचा शोध घेतला. त्यांचा निबंध १९८१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यातील एक प्रश्न नाट्यरसिकांना सहज उमगेल. नाटकाचे तिकीट १० डॉलरचे. नाट्यगृहाशी आल्यावर ध्यानात येते की, जवळची १० डॉलरची नोट हरवली आहे. तरीही तिकीट काढाल काय? १८३ जणांपैकी ८८ टक्के ‘हो’ म्हणाले. दुसऱ्या २०० जणांना विचारले : आधीच काढलेले तिकीट हरवले, तर नवे काढाल काय? तेथे होकार ४६ टक्क्यांवर आला. नुकसान तेवढेच, पुढचा खर्चही तेवढाच; मग उत्तर का पालटले? माणूस मनात खर्चाची निरनिराळी खाती मांडतो. हरवलेले तिकीट नाटकाच्या खात्यावर पडते आणि तेच नाटक २० डॉलरचे वाटू लागते. हरवलेली नोट त्या खात्यावर चढत नाही.

अशा प्रयोगाचे मर्म गटांच्या विभागणीत आहे. कोणाला कोणता प्रश्न मिळावा हे चिठ्ठ्या टाकून ठरवले, म्हणजे दोन्ही गट सर्वसाधारणपणे सारखे होतात. उत्तरांतील मोठा फरक मग शब्दरचनेचाच मानावा लागतो. अर्थात, कागदावरचा खर्च आणि पदरचा खर्च यांत अंतर राहतेच, हे विसरता येत नाही.

कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले; ट्वर्स्की १९९६ सालीच निवर्तले होते. मात्र १९८४ च्या निबंधात दोघांनी नोंदवलेली एक गोष्ट अधिक मोलाची आहे. एकाच व्यक्तीला आधी नोटेचा आणि मग तिकिटाचा प्रश्न विचारला, तेव्हा नवे तिकीट काढण्याची तयारी वाढली. दोन्ही बाजू समोर येताच माणसाने स्वतःचा हिशेब स्वतःच तपासला.

जाहिरातदार, सावकार वा सत्ताधारी प्रश्नाची एकच बाजू पुढे करतो, तेव्हा निवड आपली राहते, पण तिचा साचा दुसऱ्याचा असतो. त्यावर उपाय एकच : तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत वाचून पाहणे. शंभर वर्षे ग्रंथालयाने वाचकाला हीच तर सवय लावली आहे.