आपली मोजणी आपणच करू

(वर्धापनदिनी विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणीतली माणसं. पदवी आमच्याजवळ नाही. पण गिरण्या बंद पडल्या, घराच्या अर्जासाठी हजेरीपास, तिकीट नंबर, फंडाची पावती शोधायची वेळ आली, तेव्हा कागदाची किंमत कळली. उभा जन्म घाम गाळलेला कामगार कागदावर नसेल, तर सरकारलेखी तो नाहीच!

म्हणून आज संशोधनावर चार शब्द. संशोधन म्हटलं की साहेब येतात, वस्तीत फॉर्म भरून नेतात. पुढे त्याचं काय झालं, कुणी सांगत नाही. पण आपल्याच मुंबईत वेगळंही घडलेलं आहे.

१९८१ साली सरकारने फुटपाथवरच्या झोपड्या पाडून माणसांना शहराबाहेर घालवायचं ठरवलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जुलै १९८५ मध्ये निकाल लागला. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, हे कोर्टाने मान्य केलं. पण पावसाळ्यानंतर झोपड्या हटवायची मोकळीकही महापालिकेला दिली.

त्याच वर्षी भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बाया आणि 'स्पार्क' ही संस्था यांनी मिळून मोजणी केली. सुमारे सहा हजार कुटुंबं नोंदली गेली. अहवालाचं नाव 'वी, द इन्व्हिजिबल', म्हणजे आम्ही, न दिसणारी माणसं. लोक म्हणायचे, हे भिकारी, चोर, आज इथे तर उद्या तिथे. मोजणीत दिसलं ते निराळंच. बहुतेक कुटुंबं कष्ट करून खाणारी, वर्षानुवर्षे तिथेच राहणारी. कामावर चालत जाता येतं म्हणून फुटपाथ धरलेला! १९८६ मध्ये त्याच बायांची 'महिला मिलन' संघटना उभी राहिली. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवरची कुटुंबंही घराला पात्र धरली गेली. एका वहीने हे झालं नाही, मागे दहा वर्षांचा लढा होता. पण लढ्याच्या हातात वही होती.

बाबासाहेबांनीही १९१९ साली साउथबरो समितीपुढे नुसतं गाऱ्हाणं मांडलं नाही. लोकसंख्येचा हिशेब ठेवून प्रतिनिधित्व मागितलं. तो रस्ता आपलाच आहे.

तेव्हा आमची सूचना अशी. विहारात एक वही ठेवावी. शिकलेल्या मुला-मुलींनी गल्ली वाटून घ्यावी, सोबत वस्तीतली एक जाणती बाई असावी. कंत्राटावर सफाईला किती जण जातात, हातात पगार किती पडतो, फंड कापतात का? कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुठल्या विधवा मातेची पेन्शन थांबली? किती घरांमागे संडासाचं एक भांडं? विचारण्याआधी परवानगी घ्यावी, सांगायचं नसेल त्याला भरीस घालू नये. लिहिलेलं सर्वांसमोर वाचावं, चुकलं ते सुधारावं. मात्र कुणाच्या घरची खाजगी गोष्ट नावानिशी वाचू नये. मग आकड्यांची नक्कल वॉर्ड ऑफिसात द्यावी, शिक्का घ्यावा. मूळ वही मात्र इथेच राहील!

मोर्चा एका दिवसात पांगतो, मंडळी. शिक्क्याच्या कागदाला उत्तर मागता येतं, नाही मिळालं तर पुन्हा मागता येतं. येत्या रविवारी वंदनेनंतर ज्यांना नाव द्यायचं असेल त्यांनी थांबावं.

जयभीम! जय भारत!